हात लावून बघा

परळीच्या वैद्यनाथाचं एक वेगळेपण बाहेरगावच्या माणसाला लगेच जाणवतं, आम्हा गावकऱ्यांच्या मात्र ते अंगवळणी पडलंय. पुष्कळ शिवमंदिरांत गाभारा खोल असतो, पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. इथे सभामंडप आणि गाभारा एकाच पातळीवर आहेत, त्यामुळे सभामंडपातूनच पिंडी दिसते. आणि नुसती दिसत नाही, देवाला हात लावून दर्शन घ्यायची इथली जुनी रीत आहे. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात जीर्णोद्धार केलेल्या या देवळात लोक कुठून कुठून येतात, रांगेत ताटकळतात, ते त्या एका क्षणासाठी. तळहात गार दगडावर टेकतो, ओल्या बेलाची पानं बोटांना लागतात, तोवर मागून कुणीतरी ‘चला, चला’ म्हणतं. तेवढ्यावर माणूस समाधानाने घरी जातो.

जुनं वर्ष संपत आलं की ‘दृष्टिकोन बदला’ असं सांगणाऱ्यांची गर्दी होते. बीड जिल्ह्यात बसून ते वाक्य उच्चारताना माझी जीभ अडखळते. दसरा झाला की इथली गावंच्या गावं ऊसतोडीला बाहेर पडतात, मागे म्हातारी माणसं उरतात. 2013च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं, 2015 साली पुन्हा तीच वेळ आली. केंद्र चालू असतं तेव्हा राखेची तक्रार असते. अशा ठिकाणी ‘चांगलं तेवढंच बघा’ हे सांगणं खोटं आहे, आणि ज्याला सोसावं लागतंय त्याचा अपमान करणारंही आहे.

पण जगण्याला चव राहिली नाही ही तक्रार खरी आहे. घर, नोकरी, मुलंबाळं सगळं जागेवर असलेली माणसंही ती करतात. त्यांना मी विचार बदलायला सांगत नाही. विचार असा सांगून बदलत नाही. मी म्हणतो, हातापासून सुरुवात करा.

बोटात अंगठी घातली की थोडा वेळ जाणवते, मग ती आहे हेच आपण विसरतो. अंगावरच्या कपड्यांचं तेच. एकसारखा स्पर्श होत राहिला की चेतातंतू त्याची बातमी मेंदूला देणं कमी करतात. अंगठी जरा फिरवली की ती पुन्हा जाणवते. अंगठी जुनीच असते, फक्त ती हलायला हवी. रोजचं जगणं बोथट होतं त्यामागे आपल्या शरीराची हीच खोड आहे असं मला वाटतं, आणि त्यावरचा उपायही मला एवढाच साधा वाटतो.

स्पर्श आणि उष्णता शरीराला कळतात कशा, हे शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना 2021 सालचं वैद्यकाचं नोबेल मिळालं. ज्युलियस यांचा शोध सुरू झाला तो मिरचीपासून. ठेचा करणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं की मिरचीने हाताची आग होते, अगदी चटका बसल्यासारखी. चेतातंतूंवरच्या एकाच प्रथिनाला चटका आणि तिखट दोन्ही कळतात, हे त्यांनी दाखवलं. त्या पारितोषिकाची घोषणा 4 ऑक्टोबरला झाली आणि 7 ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, महाराष्ट्रातल्या देवळांची दारं उघडली. मार्च 2020पासून, मधले काही महिने सोडले तर, ती बंद होती. त्या दीड वर्षात नुसतं देवालाच नाही, माणसाला माणूस शिवत नव्हता. जाणाऱ्याचा हात शेवटी हातात घेता आला नाही, ही सल कितीतरी घरांत अजून आहे. ज्यांनी तो काळ काढला त्यांना स्पर्शाचं मोल वेगळं सांगायला नको.

आणि मराठीत स्पर्शाचा विषय निघाला की महाडला जावंच लागतं. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला, तेव्हा त्यामागे पिढ्यान् पिढ्यांना नाकारलेला स्पर्श होता. आज कुठलाही नळ, कुठलाही उंबरठा माझ्या हाताला सहज लागतो, तर ते आपोआप घडलेलं नाही. हे आठवलं की नळ सोडतानाही मी जरा जागा होतो.

आमच्या भागात लिंगायत घरं पुष्कळ आहेत. तिथे सकाळी इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. देव हातावर, नजर त्याच्यावर. ज्यांनी ही रीत घालून दिली त्यांना मन स्थिर करायला हाताचा आधार लागतो हे नक्की कळलं होतं.

देवाचं राहू द्या, भाकरीचं बोलू. गव्हाचं पीठ ओढलं तर लांबतं, ज्वारीचं तुटतं, कारण गव्हातलं चिकट द्रव्य तिच्यात नसतं. म्हणून आधणाचं पाणी घालायचं, आणि काठवटीत तळहाताच्या टाचेने पीठ मळत राहायचं. पाणी किती, हे मापाने सांगता येत नाही. दळण जुनं असलं तर पिठाची विरी गेलेली असते, थापताना कडा चिरतात, आणि हे डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं. थापताना हात फिरवला की भाकरी आपली आपण फिरू लागते. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवायची आणि तिच्यावरून ओला हात फिरवायचा. खालून तव्याची धग येत असते, वरून गार पाणी. तो एक क्षण फार छान असतो. हे सगळं मी पुरुष म्हणून उशिरा शिकलो, आणि तेव्हापासून ताटातली भाकरी मला निराळी लागते. ज्या बायकांनी वर्षानुवर्षं रोज दोन वेळा ती थापली, त्यांना यात मौज वाटावी अशी अपेक्षा मी करणार नाही. त्यांच्या हाताला विश्रांती हवी आहे. मौज हवी असेल तर घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी काठवटीपाशी बसावं, म्हणजे दोन्ही कामं साधतील.

असं रोज काही ना काही हाताशी असतं. आईच्या लुगड्याचा मऊ पडलेला पोत, म्हाताऱ्या वडिलांची नखं कापून देताना हातात आलेली त्यांची बोटं, कोथिंबिरीची जुडी निवडताना हाताला लागणारा वास. यातलं काही विकत आणायचं नाही आणि त्यासाठी वेगळा वेळही काढायचा नाही. फक्त त्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत असावा. काच गुळगुळीत असते, तिच्यावर लग्नाचा फोटो असो की अपघाताची बातमी, बोटाला सगळं एकसारखंच लागतं. दिवसाचे कितीतरी तास आपण ती एकच वस्तू चाचपत असतो, मग बाकीचं जग सपाट वाटू लागलं तर नवल नाही.

आता ज्वारी निसवू लागली आहे. लवकरच हुरडा येईल. दाणा दुधाळ असण्याचे दिवस थोडेच असतात, नंतर तो कडक होतो, तेव्हा शेतावर जायचं लांबणीवर टाकू नका. पैसे भरून गेलात तर आयता सोललेला हुरडा ताटात मिळेल, तो चवीला काही वाईट नसतो. पण एकदा तरी आगटीपाशी बसा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यातून निघालेलं कणीस हातात घ्या, दोन्ही तळव्यांत चोळा, कूस फुंकून टाका आणि काळे झालेले हात तसेच ठेवून खा. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ असू द्या. लेकरांना बरोबर न्या आणि चोळायचं काम त्यांच्याकडे द्या. कणीस हाताला सोसेल इतपत निवू द्या, पण गार होऊ देऊ नका. गार झालं की दाणे सुटत नाहीत.