रोखे कुणाचे, फेड कुणाची?

मैत्रिणींनो, 'म्युनिसिपल बाँड' हे शब्द दिसले की आपल्यातल्या बऱ्याच जणी पान उलटतात. ते हिशेबनीस बघून घेतील! पण रोखा म्हणजे दुसरं काय, कर्जच. महापालिका बँकांकडून, विमा कंपन्यांकडून, पैसेवाल्यांकडून रक्कम उचलणार आणि ठरल्या मुदतीत व्याजासकट फेडणार. कर्जाचं बायकांना कुणी शिकवायला नको. ते कुणी कशासाठी काढलं आणि फेडताना कुणाच्या गळ्यातलं गेलं, हे आपण घराघरांत पाहिलेलं आहे.

अहमदाबाद पालिकेने 1998 मध्ये राज्याच्या हमीशिवाय 100 कोटींचे रोखे काढले. पुण्याने 2017 मध्ये पाणीयोजनेसाठी 200 कोटी उभे केले. मुंबईनेही ही वाट धरावी, असं सुचवणारे आहेतच. उद्या ते गळी उतरवताना शाळा, दवाखाने, शौचालयं यांचीच नावं पुढे केली जातील. तेव्हा आधीच बोललेलं बरं.

कर्ज काढूच नये, असं आमचं म्हणणं नाही. तानसाचं पाणी 1892 मध्ये मुंबईला मिळालं तेही कर्जाच्या पैशावर. प्रश्न वाटणीचा आहे. अंधेरी आणि घाटकोपर 1950 मध्ये, बोरिवली आणि मुलुंड 1957 मध्ये बृहन्मुंबईत आली. कर लगेच सुरू झाले, नळ मागाहून आले. 1961 मध्ये पालिकेत निवडून गेलेल्या मृणाल गोरेंना गोरेगावच्या बायका 'पाणीवाली बाई' म्हणू लागल्या, त्यामागे किती हंडे आणि किती मोर्चे होते, हे नव्या कार्यकर्त्यांना सांगायला हवं.

आता रोख्याची खोच पाहा. पैसे देणाऱ्याला खात्री हवी असते. अहमदाबादने दहा जकात नाक्यांचं उत्पन्न त्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं. म्हणजे नाक्यावर जमलेल्या पैशावर पहिला हक्क रोखेधारकाचा, उरेल ते शहराचं. म्हणून सावकाराला उत्पन्न देणारी कामं आवडतात: पाणी, मलनिःसारण. पट्टी वाढवली की वसुली होते. पाचवीतली मुलगी काय वसूल करून देणार?

आणि समजा शाळेसाठी रोखे निघालेच, तरी त्यातून भिंती उभ्या राहतील. बाई, शिपाई, सफाई कामगार यांचा पगार दरमहाचा खर्च, तो रोख्यात बसत नाही. मग नवी कोरी इमारत, फरशी चकचकीत, आणि मुलींच्या संडासाला कुलूप, कारण साफ करायला माणूस नाही. पालिकेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीपर्यंतच्या, माध्यमिक शाळा फारच थोड्या. नेमक्या पाळी सुरू होण्याच्या वयात वस्तीतल्या मुलीला हायवे नाहीतर रेल्वेचे रूळ ओलांडून लांबच्या शाळेत जावं लागतं. भावाला पाठवतात. तिला म्हणतात, "धाकट्याला सांभाळ." ही गळती कुठल्या कर्जाच्या कागदावर दिसते?

शौचालयांचा अनुभव तर ताजाच आहे. 1995 पासून जागतिक बँकेच्या कर्जातून झोपडपट्टी स्वच्छता कार्यक्रम आला. संडास बांधले गेले, चालवण्याचा भार वस्तीवर पडला आणि दाराशी पेटी आली. पुरुष लघवीला फुकट जातो, बाई पैसे मोजते. 'राइट टू पी' मोहीम 2011 मध्ये उभी राहिली ती याच संतापातून. 'मिळून साऱ्याजणी'च्या याचिकेवर उच्च न्यायालयाने 2015 मध्ये महापालिकांना रस्त्यांवर बायकांसाठी स्वच्छतागृहं करायला सांगितलं. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यात प्राथमिक शाळा आणि सार्वजनिक संडास ही पालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत. रस्त्यावरच्या संडासासाठी कोर्टात जावं लागतं, यातच सगळं आलं.

बरं, पालिका कंगाल आहे का? 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा, त्यात भांडवली खर्च 43,162 कोटी. शिक्षणासाठी 3,955 कोटी. ठेवी त्या वर्षी 80 हजार कोटींच्या आसपास. यातला बराच पैसा भविष्यनिर्वाह निधीचा, कंत्राटदारांच्या अनामतीचा, मोठ्या प्रकल्पांसाठी बांधलेला, असं अधिकारी सांगतात आणि ते खोटं नाही. पण बांधला कुणी, कशाला? वर्सोवा-दहिसरच्या सागरी रस्त्याला, गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याला. मोटारी किती बायकांच्या मालकीच्या, हे विचारायची सोय नाही! पेटीत सोनं ठेवून शाळेसाठी सावकाराकडे जाणाऱ्या घराला आपण काय म्हणू?

शिवाय विचारायचं कुणाला? मार्च 2022 मध्ये पालिकेची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं एकट्या प्रशासकाने खर्च ठरवला. निम्म्या जागा बायकांच्या, म्हणजे त्या काळात निम्मं सभागृह आपलं गेलं. जानेवारी 2026 मध्ये निवडणूक झाली. आता नगरसेविका पुन्हा आहेत. पक्षाचा व्हिप त्यांच्या हातात काय ठेवतो ते दिसेल, पण आपल्या वॉर्डातल्या बाईला गाठणं आपल्या हातात आहे.

तिच्याकडे आम्ही हे मागणार आहोत. शाळेसाठी कर्जाचा ठराव आला, तर पुढच्या दहा वर्षांच्या शिक्षिका आणि सफाई कामगारांचा खर्च त्याच ठरावात लिहा. आठवी ते दहावीचे वर्ग आधी, रंगरंगोटी नंतर. फेडीसाठी संडासाचा दर आणि वस्तीची पाणीपट्टी वाढवणार नाही, असं छापून द्या. आणि रोख्यांचं माहितीपत्रक इंग्रजीत निघतं, ते मराठी, हिंदी, उर्दूत करून प्रत्येक वॉर्ड ऑफिसात ठेवा, मतदानाच्या महिनाभर आधी. पुढच्या बैठकीला येताना आपल्या वस्तीतल्या किती मुलींची शाळा आठवीनंतर सुटली, तो आकडा घेऊन या.