भंडाऱ्याला सायकलिंगचा प्रशिक्षक हवा

संपादक महोदय,



29 जुलै 2022 रोजी लंडनच्या ली व्हॅली वेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकल शर्यतीच्या ट्रॅकवर, राष्ट्रकुल स्पर्धेतली सायकलिंगची महिला टीम स्प्रिंट झाली. भारताच्या संघात तीन मुली होत्या. त्रियाशा पॉल पश्चिम बंगालची. बाकी दोघी, मयुरी लुटे आणि सुशिकला आगाशे, आपल्या भंडारा जिल्ह्याच्या. देशाच्या तीन जागांपैकी दोन जागा सात तालुक्यांच्या, धान पिकवणाऱ्या या लहानशा जिल्ह्याने भरल्या होत्या. या गोष्टीचा मला अतोनात अभिमान आहे. त्या अभिमानापोटीच हे पत्र लिहितो आहे, कारण या दोघींच्या यशातून आपण नेमका चुकीचा धडा घेतला आहे असं मला वाटतं.

तो धडा असा: 'सोयी नसल्या तरी जिद्द असली की खेळाडू घडतोच.' सत्काराच्या प्रत्येक भाषणात हे वाक्य येतं. बातम्यांचे मथळेही 'शेतकऱ्याच्या लेकीची परिस्थितीवर मात' असेच असतात, तुमच्या वृत्तपत्रातलेही. मुलीची जिद्द खरीच आहे, तिचं कौतुक व्हायलाच हवं. पण हे वाक्य दहादा ऐकलं की ऐकणाऱ्याला वाटू लागतं, की सोयी न देणं ही जणू खेळाडू घडवण्याची पद्धतच आहे.

1952 साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ही हकीकत आपण सत्तर वर्षं अभिमानाने सांगत आलो. खर्डेकर सरांचं मोठेपण निर्विवाद आहे, पण एका प्राचार्याला घर गहाण टाकावं लागलं ही गोष्ट आपल्या व्यवस्थेला लाज आणणारी होती. त्यानंतर देशाला दुसरं वैयक्तिक पदक मिळालं ते 1996 साली अटलांटात, टेनिसपटू लिअँडर पेसच्या रूपाने. मध्ये 44 वर्षं गेली. या 44 वर्षांत देशात गरिबी कमी नव्हती आणि जिद्दही कमी नव्हती. परिस्थितीशी झगडून खेळाडू घडत असते तर आपल्याकडे पदकांच्या राशी पडल्या असत्या.

ट्रॅक सायकलिंग हा तर सोयींवाचून अशक्य असलेला खेळ. या सायकलला ब्रेक नसतो आणि फ्रीव्हीलही नसतं, म्हणजे चाक फिरतं तोवर पायडल फिरतच राहतं. ट्रॅक लाकडाचा, 250 मीटरचा, वळणावर भिंतीसारखा उभा चढलेला. असा लाकडी ट्रॅक 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीत बांधला गेला. 2022 च्या गुजरातमधल्या आणि 2023 च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचं ट्रॅक सायकलिंगही दिल्लीलाच घ्यावं लागलं. महाराष्ट्रात वेलोड्रोम म्हटला की पुण्याचं बालेवाडी. आपल्या जिल्ह्यातल्या मुलीला या खेळात पुढे जायचं असेल तर घर सोडण्यावाचून इलाज नाही. ज्या दोघी पुढे गेल्या त्या आपल्याला दिसतात. ज्यांचं नाव तालुक्याबाहेर कधी गेलंच नाही त्यांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

भंडाऱ्यात वेलोड्रोम बांधा अशी माझी मागणी नाही. कोट्यवधींचा ट्रॅक बांधून त्यावर गवत उगवू देण्यात काही शहाणपण नाही. मी माणूस मागतो आहे. ट्रॅकच्या आधी प्रशिक्षक लागतो, ही गोष्ट आपल्याच राज्याने 2023 साली जगाला दाखवली. त्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत कंपाउंड प्रकारात पुरुषांचं सुवर्ण ओजस देवतळेने जिंकलं आणि महिलांचं 17 वर्षांच्या अदिती स्वामीने. अदिती साताऱ्याची, ओजस नागपूरचा. दोघांचे गुरू एकच, साताऱ्याचे प्रवीण सावंत. पोलीस दलातल्या या माणसाने उसाच्या शिवारात तिरंदाजीचं मैदान उभं केलं. नागपूरसारखं उपराजधानीचं शहर सोडून ओजस साताऱ्याला गेला तो सावंत सरांसाठी. अंतिम फेरीत त्याने 150 पैकी 150 गुण घेतले. एक जाणता प्रशिक्षक एका गावी ठाण मांडून बसला की तिथे काय होऊ शकतं, याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

आता परत सायकलिंगकडे येतो. टीम स्प्रिंटमध्ये पहिली सायकलपटू एकच फेरी मारते. जागेवरून सुटून, सगळा वारा अंगावर घेऊन ती मागच्या दोघींना वेग देते आणि फेरी संपताच बाजूला होते. घड्याळ थांबतं ते तिसरीचं चाक रेषेवर आल्यावर. पण संघाची वेळ बनते ती पहिलीच्या फेरीवर, हे त्या खेळातलं प्रत्येक माणूस जाणतो. खेळाडूच्या आयुष्यात ही पहिली फेरी गावातल्या शाळेचा पीटीचा शिक्षक मारत असतो. मुलीच्या पायातली ताकद ओळखतो तो, बापाची समजूत काढतो तो, निवड चाचणीला एसटीने घेऊन जातो तोही. नेमकी हीच जागा आपण रिकामी ठेवली आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे, पण अट आहे पट शंभराच्या वर असण्याची. लाखांदूर, पवनी, मोहाडीकडच्या लहान गावांतल्या किती शाळांचा पट शंभरावर जातो? म्हणजे जिथे पोरं रोवणीच्या दिवसांत चिखलात राबून काटक झालेली असतात, त्याच गावांना कायद्याने पीटीचा शिक्षक देऊ केलेला नाही.

शोधायला मुली कुठून आणायच्या, असं विचाराल तर त्या रोज आपल्यासमोरून जातात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळाल्या. सकाळी तुमसरच्या किंवा साकोलीच्या रस्त्यावर उभं राहा, दप्तर अडकवून तीन-चार किलोमीटर सायकल हाणत निघालेल्या मुलींची रांग दिसेल. यातली कोण वेगाची आणि कोण दमाची, हे कोणी कधी मोजलं आहे का? स्प्रिंटची पहिली चाचणी अवघड नसते. सरळ सपाट रस्ता, आखलेलं अंतर, स्टॉपवॉच आणि नोंद ठेवणारा माणूस एवढ्यावर ती होते. आपल्या गावांना हे काम नवीन नाही. बैलांच्या शर्यतीचा शंकरपट भरला की लोकवर्गणी गोळा होते, सरळ धावपट्टी तयार होते आणि बैलजोडीची वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत मोजली जाते. गावोगावचे लोक कोणती जोडी किती सेकंदांत आली ते वर्षभर विसरत नाहीत. तीच हौस आणि तीच काटेकोर मोजणी पोरींच्या वाट्याला यावी.

दूरच्या, आडबाजूच्या ठिकाणी हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी अंदमानकडे पाहावं. सुनामीतून वाचलेली सायकलपटू डेबोरा हेरोल्ड तिथलीच. 2018 च्या ज्युनियर जागतिक स्पर्धेत केरिन या ट्रॅक सायकल शर्यतीचं रौप्य जिंकणारा एसो अल्बनही तिथलाच. समुद्रापलीकडच्या त्या बेटांवर भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र होतं, शिकवणारे होते, म्हणून मुलं सापडली. इंग्लंडचंही तेच. 1994 मध्ये मँचेस्टरला वेलोड्रोम झाला, पुढे लॉटरीचा पैसा प्रशिक्षणाकडे वळला आणि 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ब्रिटनने ट्रॅकवरच्या 10 पैकी 7 सुवर्णपदकं नेली. आणि आपला विदर्भ? रणजी करंडकात हा संघ 1957-58 पासून दुबळा म्हणून खेळला. अकादमी उभी राहिली, चंद्रकांत पंडितांसारखा कडक प्रशिक्षक आला आणि 2017-18 व 2018-19 असा दोनदा लागोपाठ करंडक जिंकला. माती तीच होती, पोरंही बहुतेक इथलीच होती.

'पैसा कुठे आहे?' हा प्रश्न मला मान्य नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाज स्वप्निल कुसाळेने कांस्यपदक मिळवताच राज्याने एक कोटी रुपये जाहीर केले. ते त्याच्या हक्काचेच होते. पण पदकानंतर तत्काळ सापडणारा पैसा पदकाच्या दहा वर्षं आधी का सापडू नये? जिल्हा नियोजन समितीने जिल्हा क्रीडा संकुलात सायकलिंगचा एक पूर्णवेळ, पात्र प्रशिक्षक नेमावा, 11 महिन्यांच्या करारावर टांगलेला नको. त्याच्याकडे मोजक्या ट्रॅक सायकली आणि सरावाचे रोलर द्यावेत. दर हिवाळ्यात सातही तालुक्यांत आठवी-नववीच्या मुलींची वेळ मोजावी आणि ती नोंद जपावी. पट शंभराच्या आत असलेल्या चार-पाच शाळांना मिळून एक पीटीचा शिक्षक द्यावा. मयुरी आणि सुशिकला यांच्यासारख्यांनी स्पर्धेतून निवृत्त झाल्यावर इथे परत येऊन शिकवावं असं वाटत असेल, तर त्यांच्यासाठी मानाची, पगाराची जागाही आत्तापासून तयार ठेवावी लागेल.

तुमच्याकडूनही एक अपेक्षा आहे. जिल्ह्यातल्या खेळाडूच्या यशाची बातमी छापताना तिला पहिल्यांदा सायकलवर बसवणाऱ्या, चाचणीला नेणाऱ्या शिक्षकाचं नाव शोधून बातमीत घाला. आणि जिल्ह्यात पीटीच्या शिक्षकांच्या किती जागा मंजूर आहेत आणि किती भरलेल्या आहेत, याची तालुकावार यादी शिक्षण विभागाकडून मागवून एकदा पहिल्या पानावर छापा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. मोहाडी, जि. भंडारा