वहीतली रिकामी जागा

परवा पेटी आवरताना आमची शाळकरी वही सापडली. १९८७ च्या सुमारास बबलगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रे मिळत. यवतमाळात आम्ही ती अदलाबदल करून जमविली. गावसकर, कपिलदेव आहेत. पळवणकर बाळू नाहीत.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या या चर्मकार गोलंदाजाला पुण्यात चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. अमेरिकेत १९४७ साली वर्णभेदाची भिंत ओलांडणारा बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन. त्याचे जुने चित्र लोक जिवापाड जपतात. आणि आम्ही?

१९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे होते, हे खरे. म्हणून त्यांचा पराक्रम पुसावा काय? आम्ही त्यांच्या छायाचित्राची झेरॉक्स वहीच्या पहिल्या पानावर चिकटविली. मुलाने विचारले, "हे कोण?" त्या रात्री आमची जेवणे लांबली.