नोंदणी झाली, थंडावा कोठून आणणार?

जून २०२५ मध्ये थायलंडहून मुंबईत उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ४७ विषारी साप आणि ५ कासवे जप्त केली. सापांपैकी ४४ इंडोनेशियातील होते. उरलेले तीन मात्र पश्चिम इराणच्या कोरड्या डोंगरांत राहणाऱ्या, कोळ्यासारख्या शेपटीच्या दुर्मीळ घोणसाच्या जातीचे. चर्चा झाली ती तस्करीची, आणि ती रास्तच होती. तथापि थंड व कोरड्या प्रदेशातील सरीसृपांनी किनारपट्टीच्या दमट उकाड्यात जगायचे कसे, हा प्रश्न मागेच पडला.

तारांकित कासवासारखे देशी सरीसृप पाळणे गुन्हा असल्याने शहरी हौस परदेशी जातींकडे वळली. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या सूचीतील जिवंत प्राण्यांची नोंदणी बंधनकारक ठरली. त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये आले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र या व्यवस्थेचा भर ताबा, हस्तांतर, जन्म आणि मृत्यू यांच्या नोंदीवर आहे. शिवाय अमेरिकेतील कॉर्न स्नेकसारख्या, सूचीत नसलेल्या जाती तिच्या कक्षेबाहेरच राहतात.

सरीसृपांना घाम येत नाही. शरीराचे तापमान ते ऊन-सावलीत हिंडून किंवा बिळात शिरून राखतात. मध्य आशियातील हॉर्सफिल्ड कासव वर्षाचा बराचसा काळ जमिनीखाली काढते. तेथील हिवाळा गोठवणारा असतो आणि शीतनिद्रा हा त्याच्या जीवनक्रमाचा भागच आहे. मुंबईत मे महिन्यात रात्रीचे तापमानही २७ अंशांच्या आसपास राहते. काचेच्या पेटीत या कासवाला ना बीळ मिळते, ना थंड कोपरा. त्यात पावसाळ्याचे दमट चार महिने आले, की श्वसनमार्गाचा संसर्ग आणि कवच कुजणे यांसारखे विकार उद्भवतात. सरीसृप ओरडत नाही. तो खाणे सोडतो व निपचित पडतो. मालकाच्या हे ध्यानी येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

थंड देशात उष्ण प्रदेशाचा प्राणी पाळणे त्या मानाने सोपे. दिवा लावला की ऊब मिळते. उलट व्यवस्था अवघड असते. ओले फडके किंवा पाण्याचा कूलर नागपूर-जळगावच्या कोरड्या उन्हाळ्यात उपयोगी पडतो. मुंबई, रत्नागिरी वा पणजीत हवाच बाष्पाने भरलेली असल्याने पाण्याची वाफ होत नाही आणि गारवाही येत नाही. उरते ते अहोरात्र चालणारे वातानुकूलन. वीज गेली की तेही संपले. भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये आणलेल्या पेंग्विनांसाठी महापालिकेला संपूर्ण दालन थंड ठेवावे लागले आणि त्या खर्चावरून वादही रंगला. सदनिकेतील हौशी पालकाकडून तशा व्यवस्थेची अपेक्षा कोण करणार?

जे प्राणी येथे तग धरतात, त्यांचा प्रश्न निराळा आहे. अमेरिकेच्या मिसिसिपी खोऱ्यातील रेड इअर्ड स्लायडर कासव तिकडची थंडी सोसते आणि इकडचा उकाडाही. नाण्याएवढे पिलू घरी आणले जाते, ते ताटाएवढे झाले की तलावात सोडले जाते. जगातील सर्वांत घातक १०० आक्रमक परकीय जातींच्या यादीत त्याचा समावेश आहे आणि देशी कासवांच्या अन्नात व जागेत ते वाटेकरी होते. म्हणजे जो प्राणी जुळवून घेऊ शकत नाही तो पेटीत मरतो आणि जो जुळवून घेतो तो तलावाच्या मुळावर उठतो.

म्हणूनच परवाना आणि नोंदणी यांच्या जोडीला हवामानाची कसोटी लावली पाहिजे. त्या जातीस लागणारे तापमान, आर्द्रता, शीतनिद्रेची सोय आणि वीज खंडित झाल्यास पर्यायी व्यवस्था यांचा तपशील खरेदीपूर्वीच मागितला जावा. किनारपट्टीच्या शहरांत ज्या जातींना सुसह्य जीवन देता येणे शक्य नाही, त्यांची विक्रीच तेथे बंद व्हावी. सरीसृपांवर उपचार करू शकणारे पशुवैद्यक आणि नकोसे झालेले प्राणी स्वीकारणारी केंद्रे यांचीही तितकीच निकड आहे. प्राणी कोणाच्या ताब्यात आहे, हे सरकारदरबारी नोंदले गेले. तो तेथे जगू शकेल काय, याची विचारणाही आता झाली पाहिजे.