भाड्याच्या घरात कोणती फरशी टिकते? डिपॉझिटचे वाद टाळायचे तर हे वाचा

मुंबई-पुण्यात लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुतेकदा ११ महिन्यांचा असतो. भाडेकरू बदलला की फ्रीज, कपाटं, पलंग पुन्हा त्याच फरशीवरून सरकतात. मग तडे आणि ओरखड्यांचे पैसे डिपॉझिटमधून कापण्यावरून वाद होतो.

व्हिट्रिफाइड का परवडते?
ही टाइल जेमतेम ०.५ टक्के पाणी शोषते, त्यामुळे डाग सहसा आत मुरत नाहीत. 'डबल चार्ज' प्रकारात रंगाचा थर साधारण ३ ते ४ मिलिमीटर असतो, म्हणून ओरखडा कमी उठून दिसतो. ग्लेझ्ड टाइलची नक्षी मात्र वरच्या पातळ थरातच असते.

लॅमिनेट का नको?
दिसायला लाकडासारखं, पण आत दाबलेले लाकूडतंतू. रोज ओल्या फडक्याने लादी पुसली, सांध्यांत पाणी गेलं, की ते फुगतं.

खर्च कसा वाचेल?
जुनी फरशी पक्की असेल तर अॅडहेसिव्हने तिच्यावरच नवी बसवता येते. तोडफोड वाचते, दारं मात्र खालून कापावी लागू शकतात.

कायदा काय सांगतो?
केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घराच्या डिपॉझिटला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, पण तो राज्यांवर बंधनकारक नाही. म्हणून फरशीचे फोटो आणि 'नेहमीच्या वापराची झीज' कोणाकडे, हे करारातच असू द्या. घरमालकाने त्याच बॅचच्या चार-पाच टाइल्स जपून ठेवाव्यात. नाहीतर एका तड्यापायी अख्ख्या खोलीचं बिल भाडेकरूच्या माथी येतं.