पुट्टीखाली काय पुरलंत?

घर विकायला निघालं की आमच्या राजुरात आधी पुट्टीची पोती येतात, मग रंगारी, मग छताला पीओपी नि त्यात निळे दिवे. ज्या सज्जावर वर्षानुवर्षं मोडका कूलर, फुटक्या बादल्या नि लग्नातली जर्मनची भांडी कोंबलेली होती, तो एका दुपारी रिकामा होतो. "घर कसं मोठं दिसून राह्यलं!" म्हणत मालक स्वतःच थक्क. अरे, ते मोठंच होतं. तुम्ही त्याचं गोदाम केलं होतं.

झाडलोटीला माझी ना नाही. पसारा काढा, गळका नळ बदला, दारं-खिडक्या पुसा. पण ओट्याला सिंक बसवा म्हणून घरची बाई किती वर्षं सांगत होती? मोरीत उकिडवं बसून भांडी घासता घासता तिचे गुडघे गेले, तेव्हा उत्तर ठरलेलं : पाहू पुढच्या दिवाळीला. आता कोण कुठल्या गिऱ्हाइकासाठी ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलचं सिंक, भिंतीला छतापर्यंत टाइल्स! पैसे नव्हते म्हणता? होते. ती त्या पैशाच्या लायकीची वाटली नाही, एवढंच. विकताना केलेला खर्च भावात वसूल होतो. बायकोच्या गुडघ्यांचा भाव कोण देणार?

आणि हे चाललंय कुठं, तर राजुरात! इथं चुनखडी आहे, ती भाजायला कोळसा आहे. वणी तालुक्यात या गावाची ओळखच चुनाभट्ट्यांची नि कॉलरीची. चुन्याचा हात दिलेली भिंत आतली ओल बाहेर सोडते, हे इथल्या जुन्या माणसाला सांगावं लागत नाही. पण चुना गरिबाचा. गिऱ्हाइकाला चकाकी हवी. म्हणून लोणा लागलेल्या भिंतीवर पुट्टी नि वरून प्लास्टिकचा रंग. ओल आत कोंडते, पावसाळा आला की रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात. तोवर खरेदीखत झालेलं असतं.

भेगांचंही तेच. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर भिंत चिरणारच. त्या चिरेत पुट्टी भरून वर सूर्योदयाचा वॉलपेपर चिकटवणाऱ्याला आपण 'घर छान ठेवलंय' म्हणतो. मी त्याला पुरावा बुजवणारा म्हणतो.

कायदाही काही वेगळं म्हणत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ काढून वाचा. घरातला जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही, तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे; दडवला तर ती फसवणूक. नव्या बांधकामात रेरा कायद्यामुळं ताबा दिल्यापासून पाच वर्षं बिल्डरला बांधकामातले दोष दुरुस्त करून द्यावे लागतात. गावातल्या जुन्या घराला बिल्डर कुठला आणायचा? तिथं हे कलमच आधार, आणि त्यासाठी कोर्टाची पायरी चढायची कुवत गिऱ्हाइकात नसते, हे दलालाला पक्कं माहीत असतं. म्हणून तर तो घर दाखवायला संध्याकाळी नेतो, निळे दिवे लागल्यावर.

तुम्ही भर दुपारी जा. जमलं तर जोराच्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी जा. आलमारी भिंतीपासून सरकवायला लावा, नव्या रंगावरून हात फिरवा, फक्त एकाच खोलीला रंग का दिला ते विचारा. घराचा नमुना आठचा उतारा कोणाच्या नावावर आहे ते ग्रामपंचायतीत जाऊन पाहा. त्या कागदाला पुट्टी लागत नाही. आणि छत कुठं गळतं हे मालकाला विचारू नका, त्याच्या बायकोला विचारा. दर पावसाळ्यात तिथं भगुणं तिनंच ठेवलेलं असतं, ती बोट ठेवून जागा दाखवील. म्हणूनच इसार होईपर्यंत तिला माहेरी धाडलेलं असतं.