थ्री नॉट थ्रीची नळी बदलून शेतकऱ्याला बंदूक मिळेल का? खरी मेख काडतुसात

ओझर : निफाड तालुक्यात उसाच्या फडात नाहीतर द्राक्षबागेत बिबट्या दिसला, की दोन दिवसांत पारावर बंदुकीचा विषय निघतोच. वनखात्याचा पिंजरा येईपर्यंत शेतकऱ्यानं काय काठी घेऊन रात्रीचं पाणी भरायचं का, हा सवाल असतो आणि तो चुकीचाही नाही. पुढची मागणीही ठरलेली : पोलिसांच्या जुन्या थ्री नॉट थ्री रायफली आता कोण वापरतंय, त्या शेतकऱ्यांना देऊन टाका. कायद्यात बसत नसेल तर नळी बदला, दुसरं काडतूस बसवा. ओझरमध्ये तर हे काम फारच सोपं वाटतं. ज्या गावात मिग विमानं तयार झाली, ज्याच्या आजूबाजूला एचएएलच्या जिवावर उभी राहिलेली वर्कशॉप आहेत, तिथं एका रायफलीची नळी ती काय!

गंमत अशी, की जुन्या थ्री नॉट थ्रीला दुसरं काडतूस देण्याचा उद्योग या देशात आधीच होऊन गेलाय. एकदा नाही, तीन प्रकारे. तिन्ही वेळा कारण वेगळं होतं आणि त्यातल्या दोन वेळा तर रायफल चांगली करणं हा हेतूच नव्हता.

पहिला प्रकार इंग्रजांच्या काळातला. पोलीस आणि पहारेकऱ्यांच्या हातात हत्यार तर द्यायचं, पण ते लष्कराच्या तोडीचं नको. आणि ते चोरीला गेलं किंवा उलटलं, तर त्यात लष्कराची गोळी चालता कामा नये. म्हणून थ्री नॉट थ्रीच्या नळीतल्या वळणदार खाचा काढून ती रुंद आणि गुळगुळीत केली, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा ठोकला आणि .४१० मस्केट तयार झाली. एक बार काढा, पुन्हा एक काडतूस भरा. तिचं काडतूसही खास वेगळं, बाजारात मिळणाऱ्या साध्या .४१० छऱ्याच्या काडतुसापेक्षा निराळं, म्हणजे बाहेरून आणून भरता येऊ नये. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनलेल्या अशा काडतुसांच्या बुडावर कारखान्याची खूण असायची. चांगली रायफल मुद्दाम अधू करण्याचा हा सरकारी कारभार होता. स्वातंत्र्यानंतरही ही मस्केट अनेक राज्यांच्या पोलिसांकडे राहिली.

दुसरा प्रकार मात्र ओझरकरांनी नीट समजून घ्यावा असा आहे, कारण तो आणि ओझरचा कारखाना एकाच धक्क्यातून जन्मले.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीननं हल्ला केला तेव्हा आपल्या जवानांच्या हातात थ्री नॉट थ्री होती. दर गोळीला बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. त्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले. १९६४ मध्ये ओझरला मिगचा कारखाना आला. त्याच वर्षी शेजारच्या जळगाव जिल्ह्यात वरणगावला दारूगोळा कारखाना उभा राहिला, ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसांसाठी. आणि बंगालमधल्या इशापूर रायफल कारखान्यात जुन्या थ्री नॉट थ्रीच्या घडणीत हेच ७.६२चं काडतूस बसवण्याचं काम सुरू झालं. स्वयंचलित भरणारी नवी एसएलआर सगळ्यांना पुरेशी मिळेपर्यंत हा मधला मार्ग. तिचं नाव २ए, आणि नेमपट्टी ८०० मीटरपर्यंत आखल्यावर २ए१.

पारावरच्या योजनेचं उत्तर याच रायफलीत आहे. इशापूरनं जुन्या रायफली गोळा करून त्यांच्या नळ्या बदलल्या नाहीत. त्यांनी रायफलच नव्यानं घडवली, आधीपेक्षा मजबूत पोलाद वापरून. का? युरोपात मान्य असलेल्या मानकांनुसार .३०३ काडतुसाचा कमाल दाब सुमारे ३,६५० बार धरतात. ७.६२चा नागरी जुळा भाऊ .३०८, त्याचा सुमारे ४,१५० बार. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात दीड-दोन बार हवा असते, त्यावरून काय ते समजा. हा सगळा दाब नेम धरणाऱ्याच्या गालापासून वीतभर अंतरावर तयार होतो. त्यात थ्री नॉट थ्रीचा बोल्ट अडकून राहतो तो मागच्या बाजूला, त्यामुळे जोर आला की मधला सांगाडा किंचित ताणतो. जुना, लाखभर हात फिरलेला सांगाडा हा जादा जोर किती वेळा सोसेल, ते बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही.

शिवाय .३०३च्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, ७.६२ला ती नसते. म्हणजे काडतूस पकडणारा बोल्टचा तोंडाचा भाग, रिकामी पुंगळी बाहेर खेचणारा आकडा, मॅगझिन, सगळंच बदलतं. इशापूरनं दहाऐवजी बारा गोळ्यांचं मॅगझिन दिलं ते यातूनच. ब्रिटिशांनी मात्र जुन्याच रायफली बदलल्या, पण त्यासाठी त्यांनी पुढचा, जास्त दणकट नंबर ४ मॉडेल घेतला, त्यावर नवी जड नळी चढवली आणि सरकारी कारखान्यात चाचण्या करून १९७० पासून ती एल४२ए१ नावानं फक्त नेमबाजांना दिली. १९८२च्या फॉकलंडच्या लढाईत ती होती.

जुन्या सांगाड्यात नवं हत्यार बसवणं म्हणजे काय असतं, हे खरं तर ओझरला कुणी शिकवायला नको. मिग-२१ ची बायसन आवृत्ती बहुतांश इथंच तयार झाली. जुनं विमान, नवं रडार, नवी क्षेपणास्त्रं. त्यामागे आरेखन, चाचण्या, तपासणीचे शिक्के आणि वर्षं होती. २६ सप्टेंबर २०२५ला मिग-२१ निवृत्त झालं आणि १७ ऑक्टोबरला ओझरहून तेजस मार्क १ए उडालं. ज्यांनी त्या हँगरमध्ये आयुष्य काढलं, ते वर्कशॉपच्या लेथवर नळी कातून रायफल ‘कन्व्हर्ट’ करण्याच्या गप्पांत सहसा भाग घेत नाहीत.

तिसरा प्रकार शेतकऱ्याच्या सगळ्यात जवळचा : .३१५ स्पोर्टिंग रायफल. इशापूरचीच, घडण थ्री नॉट थ्रीच्याच घराण्यातली, काडतूस वेगळं. थ्री नॉट थ्री म्हणजे ७.७ मिलिमीटर आणि पुंगळी ५६ मिलिमीटर लांब. .३१५ म्हणजे ८ मिलिमीटर आणि पुंगळी ५० मिलिमीटर. हे काडतूस मूळचं ऑस्ट्रियाच्या जुन्या लष्करी रायफलीचं. एवढासा फरक, पण त्यावर सगळा कायदा उभा आहे. १९६२च्या शस्त्र नियमांच्या परिशिष्टात .३०३ आणि ७.६२च्या बोल्ट रायफली, तसंच ज्या कुठल्याही रायफलीत ही लष्करी काडतुसं बसतील अशा सगळ्या, निषिद्ध प्रकारात टाकल्या. ती अधू केलेली .४१० मस्केटसुद्धा. २०१६ मध्ये नवे नियम आले तरी हे दार सामान्य माणसासाठी बंदच राहिलं. म्हणून शेतकऱ्याला परवान्यावर मिळते ती बारा बोअर किंवा .३१५. इशापूरच्या २ए१ रायफली अमेरिकेत भंगारात काढलेला माल म्हणून विकल्या गेल्या आणि तिथला शेतकरी त्यानं हरणं मारतो. निफाडच्या शेतकऱ्याला तीच रायफल घरात ठेवली तर तुरुंग आहे.

आणि स्वतः बदल केला तर? शस्त्र कायदा, १९५९च्या कलम ५ मध्ये बनवणं, विकणं, दुरुस्त करणं यांच्या रांगेत ‘रूपांतर करणं’ हा शब्दही आहे. वेगळ्या परवान्याशिवाय ते करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. बंदूक परवान्याची असली तरी हे लागू होतं. हौसेनं हात घालणाऱ्या वर्कशॉपवाल्यालाही.

म्हणजे बिबट्याचं काय? त्याचं उत्तर नळीत नाहीच. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. माणसांवर हल्ले करणारा बिबट्या मारायचा तर परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांची लागते. जीव वाचवताना प्राणी मारला गेला तर कायदा संरक्षण देतो, पण पाळत ठेवून मारला तर देत नाही, मग हातात .३१५ असो की बारा बोअर. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे बिबट्या मारायचा परवाना, हा समज तालुक्यात पक्का बसलाय आणि तो कुणीतरी खोडायला हवा. त्यातून निवडणूक आली की शस्त्रं ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात. बिबट्याला आचारसंहिता नसते, ही तक्रार मात्र खरी आहे.

पोलिसांचीही थ्री नॉट थ्रीतून सुटका उशिराच झाली. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री सीएसटीवर एके-४७ समोर हीच रायफल होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २६ जानेवारी २०२०ला निरोप दिला. तेव्हा या रायफली आहेत कुठे आणि त्यांचं होतं काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पण त्यापेक्षा टोकदार प्रश्न काडतुसांचा आहे.

इंग्रजांचा हिशेब असा होता, की लोकांचं काडतूस आणि लष्कराचं काडतूस वेगळं ठेवलं की धोका टळला. लष्करी काडतूस खरंच बऱ्यापैकी बंदिस्त राहिलं. पण उत्तरेत पोलिसांच्या कारवायांत सापडणाऱ्या गावठी कट्ट्यांची नावं बघा : ‘३१५ बोर’, ‘बारा बोर’. कट्टा बनवणारा नळी कुठूनही पैदा करतो. काडतूस त्याला घरी बनवता येत नाही, म्हणून जे परवान्याच्या दुकानातून निघतं, त्याच मापाचा तो कट्टा बनवतो. वेगळ्या काडतुसाच्या धोरणानं बेकायदा बंदुकीलाही तिचं माप ठरवून दिलं.

म्हणूनच जिल्ह्यात परवाने वाढवा की कमी करा, या वादात एक आकडा समोर यायला हवा. प्रत्येक परवान्यावर एका वेळी किती काडतुसं बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची ते लिहिलेलं असतं. शस्त्र दुकानदाराला विक्रीची नोंद ठेवावीच लागते. निफाड, सिन्नर, दिंडोरी तालुक्यांत पीकसंरक्षणाचे परवाने किती, त्यांवर वर्षभरात काडतुसं किती गेली, त्यातली किती उडवली आणि किती शिल्लक दाखवली, हे जुळवून बघायला नवा कायदा लागत नाही. नोंदी दुकानाच्या वहीत आहेत, परवान्यांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयात आहे आणि जमा केलेल्या बंदुकांचं रजिस्टर पोलीस ठाण्यात.